इंडोनेशियन शिकताय? 'तिदाक'च्या आधी 'बलुम' शिका

जकार्ता, बाली किंवा क्वालालंपूरला निघालेल्यांसाठीच्या शब्दयाद्यांत 'तिदाक म्हणजे नाही' पहिल्या पाचात असतं आणि 'बलुम', म्हणजे 'अजून नाही', कुठेतरी तळाशी. हा क्रम चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथे रोज जे विचारलं जातं, त्यातल्या कितीतरी प्रश्नांना 'तिदाक' हे उत्तरच होत नाही.

'सुदाह माकान?' म्हणजे जेवण झालं का? जेवला नसाल तर म्हणायचं 'बलुम'. आपलं 'व्हायचंय' अगदी तेच सांगतं, म्हणून मराठी माणसाला हे जड जाऊ नये. लग्न झालंय का, मुलं आहेत का, यालाही तेच. पन्नाशीतला अविवाहित माणूससुद्धा 'बलुम' म्हणतो. इंडोनेशियाच्या ओळखपत्रावर अविवाहित व्यक्तीपुढे 'बलुम काविन' असंच छापलेलं असतं. तिथे 'तिदाक' म्हणालात, तर लग्न करायचंच नाही असं ऐकू येतं.

रोमन लिपीत belum लिहितात, पण उच्चार 'बेलुम' नाही. आपल्या 'बकुळ'मधल्या 'ब'सारखा आखूड 'ब' घ्या. शब्द क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या आधी येतो: 'साया बलुम माकान', मी अजून जेवलो नाही. 'नासीन्या बलुम माताङ', भात अजून शिजला नाही.

घोळ होतो तो 'अजून नाही'चं शब्दशः भाषांतर करताना. 'मासिह' म्हणजे अजून, म्हणून लोक 'मासिह तिदाक' म्हणतात. त्यातून 'अजूनही नाहीच' असा हट्टाचा सूर निघतो. 'तिदाक लागी' तर आणखी वेगळं: पूर्वी करायचो, आता नाही.

शाकाहारी मंडळींनी एक फरक पाठच करावा. 'साया तिदाक पर्नाह माकान दागिङ' म्हणजे मी मांस कधीच खात नाही. तिथे 'बलुम पर्नाह' म्हणालात तर अर्थ होतो 'अजून कधी खाल्लं नाही', आणि यजमान प्रेमाने ताटात वाढतील. त्यात त्यांचा काही दोष नाही.

मलेशियात 'बलुम लागी' म्हणजे साधं 'अजून नाही'. इंडोनेशियात मात्र तेच शब्द बहुधा 'शिवाय अमुक तर वेगळंच' अशा अर्थाने येतात.

'बलुम' आशावादी संस्कृतीचं लक्षण आहे, असं कौतुकाने लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हे व्याकरण आहे, आश्वासन नाही. दुकानदार 'बलुम आदा' म्हणाला, तर माल अजून आलेला नाही, एवढंच कळतं. उद्या येईल असं तो म्हणत नाही. लगेच विचारा, 'कापान आदा?', कधी येईल? मलेशियात 'कापान'च्या जागी 'बिला'.