स्पिरुलिनाच्या गोळीने बी-12 भरून निघत नाही

“एक किलो स्पिरुलिना म्हणजे हजार किलो भाज्या. शाकाहारींना बी-12 भरपूर. कॅन्सर बरा होतो. नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.” नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा आला आणि खाली एका काकूंनी विचारलं, “मग बी-12चं इंजेक्शन बंद करू का?” म्हणून हे लिहितेय.

काकू, इंजेक्शन बंद करू नका. आपण शेवाळ म्हणतो ती स्पिरुलिना खरं तर जीवाणूंच्या कुळातली. तिच्यात बी-12सारखा दिसणारा पदार्थ असतो, पण त्यातला बहुतांश ‘छद्म बी-12’. रेणूचा एक भाग वेगळा असल्यामुळे आपलं शरीर तो जवळजवळ वापरूच शकत नाही. 1991 साली बी-12 कमी असलेल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवाळ खाऊन त्यांच्या रक्तातला बी-12चा आकडा वाढला, पण तांबड्या पेशींमधला बिघाड वाढतच गेला. मला भीती वाटते ती याचीच: रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि तळपायाच्या मुंग्या, जाणारा तोल याकडे दुर्लक्ष होतं. बी-12 कमी पडल्याने होणारं हे नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. दूध-दही घ्या, आणि कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन.

हजार किलो भाज्यांचं म्हणाल, तर किलोभर सुक्या स्पिरुलिनात क जीवनसत्त्व साधारण 100 मिलिग्रॅम. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त असतं! प्रथिनं मात्र खरंच भरपूर, वजनाच्या निम्म्याहून अधिक. पण खाणार किती? अर्ध्या ग्रॅमच्या दहा गोळ्यांत जेमतेम 3 ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांत त्याच्या दुप्पट.

कॅन्सरच्या दाव्याला निदान एक धागा आहे. 1995 साली केरळमधल्या तंबाखू खाणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 1 ग्रॅम स्पिरुलिना वर्षभर घेतलेल्या 44 जणांपैकी 20 जणांच्या तोंडातले पांढरे चट्टे, ज्यांचा पुढे कधीकधी कॅन्सर होऊ शकतो, पूर्ण गेले. न घेतलेल्या 43 पैकी 3 जणांचे. निष्कर्ष आशादायक आहे, नाकारायचं कारण नाही. पण चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि स्पिरुलिना थांबवल्यावर वर्षाच्या आत त्या 20 पैकी 9 जणांचे परत आले. यावर विसंबून कुणाचे उपचार लांबू नयेत.

आणि अपाय शून्य? अमेरिकेत ओरेगॉनमधल्या अप्पर क्लामॅथ सरोवरातून दुसरं एक निळं-हिरवं शेवाळ काढून विकतात. त्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष मिसळलेलं आढळलं, तेव्हा तिथे ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घालावी लागली. स्पिरुलिना सहसा टाक्यांत वाढवतात, तरी तपासणीचा उल्लेख नसलेली बाटली घेऊ नका. फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी स्पिरुलिना टाळावीच. रक्त पातळ करणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारायला जाताना बाटली सोबत न्या.