"डॉक्युमेंटेशन काय, कोणीही लिहितं": विमच्या निमित्ताने थोडं भांडण

सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. म्हणे ओपन सोर्समध्ये (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) डॉक्युमेंटेशन, म्हणजे मॅन्युअल आणि हेल्प, सुधारणं हे खरं कॉन्ट्रिब्यूशनच नाही. कारणं पाच: टायपो काढायला अक्कल लागत नाही, कोड कधी खोटं बोलत नाही त्यामुळे खरा डेव्हलपर कोड वाचतो, जुन्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल एकदा लिहून झालं की झालं, आता हे सगळं एआय करतं, आणि इंग्रजी आपली भाषा नाही तर आपण त्यात पडूच नये. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि 'रेझ्युमेवर लिहू नका' असा फुकटचा सल्ला. मी बरीच वर्षं विम हा टेक्स्ट एडिटर वापरतो आणि त्याच्या हेल्प फाइल्स इतर लोक वेब सिरीज बघतात तशा वाचतो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

टायपोवाला मुद्दा अर्धा खरा आहे, ते आधी कबूल करून टाकतो. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (प्रोजेक्टमध्ये बदल सुचवायच्या विनंत्या) केल्या की टीशर्ट मिळणार होता, तर लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) 'अमेझिंग प्रोजेक्ट' असलं काहीतरी घुसडून प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेन्टेनर लोकांचा जीव नकोसा केला, त्यात आपल्याकडची पोरंही होती हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतलाय तिथल्याच रिक्वेस्ट मोजायच्या. पण त्याला डॉक्युमेंटेशन म्हणायचं तर लग्नात घुसून जेवणाऱ्यालाही वऱ्हाडी म्हणावं लागेल.

विमच्या हेल्पमध्ये एक शब्द बदलून बघा म्हणजे कळेल. दोन स्टारच्या मधे लिहिलेला शब्द हा टॅग असतो आणि दोन उभ्या रेघांमधला शब्द ही त्या टॅगची लिंक. तुम्ही स्पेलिंग 'सुधारायला' म्हणून टॅगला हात लावलात की बाकीच्या फाइल्समधून तिथे येणाऱ्या लिंका मेल्या. तोच टॅग चुकून दोनदा आला तर हेल्पटॅग्ज ही टॅगची यादी बनवणारी कमांड चालवताना ई१५४ हा एरर तोंडावर येतो. ओळी ७८ कॉलममध्ये बसवायच्या. आणि वाक्य बरोबर आहे का हे बघायला स्वतःचा सजवलेला विम चालत नाही, डॅश डॅश क्लीन देऊन कोरा विम उघडायचा आणि त्यात करून बघायचं, नाहीतर आपल्याच प्लगिनचा प्रताप आपण मॅन्युअलमध्ये लिहून बसतो. अजून एक, विमचे एरर नंबर हेसुद्धा टॅगच आहेत. सेव्ह न करता बाहेर पडायला गेलात की ई३७ येतो ना, त्याच नंबरची हेल्प मागा, थेट त्या पानावर जाल. म्हणजे ही हेल्प एडिटरच्या पोटातच आहे, बाहेरून चिकटवलेली नाही.

आता 'कोड खोटं बोलत नाही'. हे वाक्य मला खरंच चिडवतं. कोड खोटं बोलत नाही हे बरोबर, पण जे होतंय ते मुद्दाम आहे की चुकून हे कोड कुठे सांगतो? शब्दाच्या सुरुवातीला डीडब्ल्यू (शब्द उडवायची कमांड) मारलं की शब्द जातो आणि पुढची स्पेसही जाते. मग सीडब्ल्यू म्हणजे तेच करून वर टाइप करायची सोय, असं कुणालाही वाटणार. पण सीडब्ल्यू स्पेसला हात लावत नाही, ते चक्क सीई सारखं, म्हणजे फक्त शब्दाच्या शेवटापर्यंत बदलणाऱ्या कमांडसारखं वागतं. मी नवीन असताना हा बग समजून मस्त लांबलचक रिपोर्ट लिहिला होता, पाठवायच्या आधी सहज हेल्प उघडली तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, हा स्पेशल केस आहे. विमचा पूर्वज असलेल्या व्हीआय या एडिटरपासून असंच चालत आलंय. (रिपोर्ट डिलीट केला, कोणाला सांगितलं नाही, आज सांगतोय.) नुसता कोड वाचला असता तर एक विचित्र इफ (म्हणजे अट) दिसला असता आणि मी तो उत्साहाने काढून टाकला असता. अशा वागण्याला बग म्हणायचं की रीत, हा निवाडा हेल्पमध्ये होतो. तिथलं एक वाक्य चुकीचं असेल तर उद्या कोणीतरी बरोबर कोड 'दुरुस्त' करणार.

एकदा लिहून झालं की झालं? विम १९९१ चा आहे आणि त्याची हेल्प अजून लिहिली जातेय. २०१६ ला ८.० आलं तेव्हा डिफॉल्ट्स नावाची फाइल आली, जी तुमची विमआरसी (स्वतःच्या सेटिंगची फाइल) नसेल तरच लोड होते, म्हणजे नवीन माणूस हौसेने रिकामी विमआरसी बनवतो आणि एडिटरचे रंगच गायब होतात, आणि तो बिचारा इन्स्टॉल बिघडलं म्हणून डोकं धरतो. हे कुठेतरी समजावून सांगायला लागतंच. २०२२ च्या ९.० मध्ये तर अख्खी नवी स्क्रिप्टिंग भाषा आली. साधा एक ऑप्शन, म्हणजे सेटिंग, वाढवला तरी ऑप्शन्सच्या पानावर सविस्तर नोंद, क्विक रेफरन्सच्या यादीत एक ओळ, ऑप्शन विंडोत एक ओळ, एवढं सगळं करावं लागतं आणि यातलं एखादं हमखास राहतं.

एआयचं म्हणाल तर मी पण वापरतो, वाक्य नीट करायला छान आहे. पण त्याच्या डोक्यात विम आणि त्याच्यातूनच फुटून निघालेला निओविम यांची खिचडी झालेली असते. कॅपिटल वाय घ्या. विममध्ये तो पूर्ण ओळ कॉपी करतो, निओविमने २०२१ मध्ये ०.६ पासून तो कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत केला. गंमत म्हणजे विमची हेल्प स्वतःच म्हणते की दुसरं वागणं जास्त लॉजिकल आहे पण व्हीआयशी जुळत नाही, हवं तर मॅप करून घ्या, म्हणजे त्या कीला हवं ते काम जोडून घ्या. इतका प्रामाणिकपणा सरकारी जीआर मध्ये दाखवा! तर एआय मला एकदा बेधडक एक ऑप्शन सांगून मोकळा झाला, हेल्प मागितली तर ई१४९, सॉरी, अशी हेल्पच नाही. चूक पकडली कोणी, त्या हेल्पनेच ना.

राहिला इंग्रजीचा मुद्दा. ही हेल्प ज्याने बहुतांश लिहिली तो ब्राम मोलेनार डच होता, इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती. म्हणूनच की काय, वाक्यं छोटी आहेत. तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारला, त्यानंतर बाकीच्यांनी काम उचललं, पण मॅन्युअलच्या पानांवर वर त्याचं नाव अजून आहे.

आणि इंग्रजी नकोच असेल तर विममध्ये भाषांतरित हेल्पची सोय आहे, फाइलच्या नावाच्या शेवटी दोन अक्षरी भाषेचा कोड आणि एक्स लावायचा, म्हणजे मराठीला एमआरएक्स. मी सीडब्ल्यूचा तो परिच्छेद मराठीत करून बघतोय. सध्या अडलोय ते एवढ्यावरच की ७८ कॉलम मोजताना टर्मिनल 'क्ष' ला कधी एक धरतं कधी दोन, आणि उजवीकडचे टॅग सगळे वाकडे येतात. कुणी हे सोडवलं असेल तर कसं ते सांगा.