डोंगर हडपले नाहीत, राखले

21 मे, म्हणजे न्यू मेक्सिकोतलं ऑर्गन माउंटन्स-डेझर्ट पीक्स राष्ट्रीय स्मारक (इमारत नव्हे, कायद्याने राखलेला भूभाग) जाहीर झाल्याचा दिवस, जवळ आला की आमच्या अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. ‘ओबामांनी 2014 साली न्यू मेक्सिकोतल्या पशुपालकांची पाच लाख एकर जमीन एका सहीत हडपली. गुरं हाकलली, शिकार बंद केली, डोंगरांना कुलूप ठोकलं. आणि जपलं काय, तर काट्याकुट्यांचं वाळवंट!’ तिथल्या ऑर्गन पर्वताचे उभे सुळके मी जवळून पाहिलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी हडपण्याचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर त्या दिवशी सातबाऱ्यावरचं एकही नाव बदललं नाही. राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालेली ही 4,96,330 एकर जमीन आधीपासूनच केंद्र सरकारची, म्हणजे सगळ्या जनतेची होती. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं तिचा कारभार बघत होतं, आजही तेच बघतं. घोषणा झाली ती 1906 च्या अँटिक्विटीज कायद्याखाली, आणि तो फक्त सरकारी जमिनीलाच लागू होतो. हद्दीच्या आत कुणाची खासगी जमीन असेल, तर ती त्याचीच राहिली. हीच जमीन कुणा कंपनीला विकली असती, तर ‘हडपली’ हा शब्द मी मान्य केला असता.

गुरांचं म्हणाल, तर चराईचे परवाने पूर्वीच्याच कायद्यांनी चालतील, असं घोषणेतच लिहिलंय. शिकारीचे नियम आजही राज्य ठरवतं. बंद झालं ते वेगळंच: नव्या खाणी, नवे खनिजपट्टे आणि ठरलेला रस्ता सोडून गाडी घालणं. हे निर्बंध खरे आहेत आणि मला ते हवेच आहेत. वाळवंटात चाकोरी एकदा उमटली की वर्षानुवर्षं बुजत नाही.

‘एका सहीत’ हेही अर्धंच. संरक्षणाचं विधेयक न्यू मेक्सिकोच्याच दोन सिनेटरांनी, टॉम उडॉल आणि मार्टिन हाइनरिक यांनी, 2013 मध्ये मांडलं होतं. पुढे 2019 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन्ही पक्षांच्या मतांनी याच हद्दीतला सुमारे 2 लाख 41 हजार एकर भाग आणखी कडक संरक्षणाखाली आणला. त्या कायद्यावर सही ट्रम्प यांची आहे.

राहिलं काट्याकुट्यांचं वाळवंट. किलबोर्न होल हे मैलभराहून रुंद ज्वालामुखी विवर याच हद्दीत आहे. तिथला काळा दगड आपल्या सह्याद्रीतल्यासारखाच बेसॉल्ट, पण फुटलेल्या दगडात डोकावलं की आत खडीसाखरेसारखे हिरवे दाणे चमकतात. स्फोटाने ते जमिनीच्या पोटातून, पार प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वर आणले. चंद्रावर जाण्याआधी अपोलोचे अंतराळवीर दगड ओळखायला शिकले, त्यातली एक जागा ही. थोडं पुढे ॲडन क्रेटर आहे. सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी एक जमिनीवरचा स्लॉथ (आता नामशेष झालेला मोठा, संथ प्राणी) तिथल्या खोल भेगेत पडला आणि त्याला वर येता आलं नाही. कोरड्या हवेत त्याचे केस, कातडी आणि नखंसुद्धा टिकली. सांगाडा आता येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. ॲडन क्रेटर मात्र जागच्या जागी, या ‘कुलूप’ ठोकलेल्या हद्दीत आहे, आणि कुणीही चालत तिथवर जाऊ शकतं.