खुडूक

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या परसातील चार कोंबड्यांपैकी ठिपकी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसली. घरातील सर्वांच्या ते तत्काळ लक्षात आले. मला मात्र ती आजारी आहे असेच वाटत होते, कारण मुंबईतील बँकेत ३२ वर्षे घालवून वेंगुर्ल्याजवळच्या मूळ घरी परतलेल्या माणसाला कोंबडीच्या मनातले एवढ्या लवकर कळत नाही. खुराड्याच्या कोपऱ्यातील पेंढ्याच्या पाटीत ती पसरून बसली होती. मी हात पुढे करताच तिने पिसे अशी फुलवली की दीड किलोची कोंबडी तीन किलोंची दिसू लागली, आणि घशातून घाट चढणाऱ्या जुन्या ट्रकसारखी घरघर काढून तिने माझ्या मनगटावर चोच मारली.

तरीही धीर करून मी तिच्या पोटाखाली हात सरकवला. छातीवरची पिसे तिने स्वतःच उपटून पाटीत अंथरली होती, आणि त्या उघड्या कातडीची धग हाताला नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी लागली. अंडी तर मी रोजच्या रोज उचलत होतो. मग ही एवढी ऊब चालली होती कोणासाठी? बोटांना जे लागले ते मी बाहेर काढून पाहिले. त्या दोन असोल्या सुपाऱ्या होत्या.

अंडी असती तरी उपयोग नव्हता. आमचा एकुलता एक कोंबडा मृग नक्षत्र लागले त्या दिवशी, मिरगाची रीत पाळून, वड्यांसोबत आमच्या पानांत आला होता, आणि त्याला आता महिना उलटून गेला होता. तेव्हा उबवण्याजोगे काही नाही, अंडी बंद, आणि वर खुराड्यातील सर्वांत चांगली जागा अडवलेली, असा सगळा हिशोब मांडून मी तिला उठवण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाबाबत ठिपकीला विचारण्याची गरज मला वाटली नाही.

पहिल्या दिवशी मी तिला अकरा वेळा उचलून अंगणात ठेवले आणि ती बाराव्यांदा पाटीत होती. शेजारच्या काकींनी कुंपणावरून तोडगा सुचवला, “तिच्या नाकात पीस घाल, दोन दिसांत उठतली.” हा उपाय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असला, तरी नाकात पीस घातल्यावर उठण्याखेरीज कोणीही दुसरे काय करणार, असे वाटून मी तो नाकारला. त्याऐवजी तिला थंड पाण्याच्या बादलीत छातीपर्यंत बुडवून पाहिले. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना कोंबडीला पाण्याचे भय दाखवणारा मी तालुक्यात एकटाच असेन. बादली उलटली, मी नखशिखांत भिजलो, आणि ठिपकी अंग झाडून सुपाऱ्यांकडे परतली.

पशुवैद्यक असलेल्या मेहुण्याने फोनवरून मला शास्त्र समजावले. हा हट्ट नसून प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा प्रभाव आहे. पाटीतली ऊब पोटाला मिळत राहते तोवर तो टिकून राहतो, म्हणून तिला खालून वारा लागेल अशा उंच, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे, दाणापाणी द्यावे, पेंढा मात्र देऊ नये. शिवाय त्याने असेही सांगितले की पिंजऱ्यांत अंड्यांसाठी पाळतात त्या लेगहॉर्न जातीतून हा स्वभाव निवडीने जवळजवळ घालवलेला आहे, गावठी कोंबडी मात्र दहा-पंधरा अंडी दिली की खुडूक होतेच. म्हणजे दोष माझ्या निवडीचा होता.

पिंजरा नव्हता, परंतु आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट होते. दोन चिऱ्यांवर एक क्रेट ठेवून, दुसरा त्यावर पालथा बांधून, मी पडवीत तुरुंग उभारला. चार दिवस ठिपकी त्यात उभी राहिली आणि चारही दिवस, मी पडवीत चहा प्यायला बसलो की, माझ्याकडे एकाच डोळ्याने पाहत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी मी दोरी सोडली. तिने दोन दाणे टिपले, अंगणात एक आळस दिला, आणि मी समाधानाने आत वळतो न वळतो तोच ती धावत खुराड्यात शिरली.

त्याच संध्याकाळी तातूकाका आले. सर्व ऐकून घेऊन त्यांनी अतिशय शांतपणे मला आठवण करून दिली, “रविवारी गटारी आसा. इतको इचार कशाक करतंस?”

या वाक्यानंतर घरात जी शांतता पसरली, तीत पत्नीने तांदूळ निवडता निवडता प्रथमच तोंड उघडले. “गटारीनंतर श्रावण. महिनाभर या घरात अंडे कोण खाणार आहे? मग तिने ती दिली काय आणि न दिली काय!” ३२ वर्षे ताळेबंद तपासूनही ही नोंद माझ्या नजरेतून सुटली होती.

काकींकडे कोंबडा होता. श्रावणाच्या पहिल्या रात्री, अंधारात, त्यांची ११ अंडी आम्ही ठिपकीच्या पोटाखाली एकेक करून सरकवली. विजांच्या कडकडाटाने ती नासू नयेत म्हणून काकींनी पाटीत एक कोळसा आणि गंजका खिळाही ठेवला. सुपाऱ्या काढायला गेलो तर चोच बसली, म्हणून त्याही राहिल्या. पुढे दिवसातून एकदा ती दहा मिनिटांसाठी बाहेर येई, घाईघाईने खाई, दिवसभराचे साठवलेले एकदमच माझ्या पायरीवर टाकी, आणि परत जाई. त्या वासाविषयी लिहिण्याइतकी माझी भाषा समृद्ध नाही.

विसाव्या दिवशी एक अंडे कानाला लावले, तर आतून चिवचिव ऐकू आली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले निघाली, तीन अंडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पिल्ले घेऊन ठिपकी अंगणात उतरली ती पाटीकडे मागे वळूनही न पाहता. मुंगूस आणि घार यांच्या भीतीने मी डालगे हातात घेऊन मागोमाग फिरू लागलो.

पाटी साफ करताना सुपाऱ्या हाती लागल्या. तातूकाकांनी त्यांतली एक सोलली, अडकित्त्याने कातरली आणि खांड तोंडात टाकून बराच वेळ चघळले. भर पावसाळ्यात आमच्याकडे कपडेदेखील सुकत नाहीत.

“बरी सुकली हा,” ते म्हणाले, आणि ठिपकीकडे पाहत त्यांनी मला विचारले, “फुडच्या आषाढात हिच्याखाली पन्नासेक ऱ्हवतीत काय रे?”