नावं घेऊन, पण कोणाची?

कॅरिबियनमधल्या हैती देशातल्या मिशनरींसाठी नावं घेऊन प्रार्थना करा, हे एका लेखातलं आवाहन पटलं. फक्त नावं कोणाची, एवढंच विचारते. ऑक्टोबर 2021 मध्ये हैतीत अनाथाश्रमाला भेट देऊन परतणाऱ्या 17 जणांना टोळीने पळवलं, 16 अमेरिकन आणि 1 कॅनेडियन, त्यात लहान मुलंही. आमच्या मंडळीत बुधवारच्या प्रार्थनासभेत, त्यांच्यातले शेवटचे लोक डिसेंबरात सुटेपर्यंत, हाच विषय होता. पण त्याच वर्षी सप्टेंबरात हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, चर्चच्या दाराशी एका हैतियन डीकनला, म्हणजे मंडळीच्या सेवकाला, गोळ्या घातल्या आणि त्याच्या बायकोला उचलून नेलं, ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मला फार उशिरा कळलं, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. बाहेरून आलेल्याला परतीचं विमान तरी असतं हो, तिथल्या माणसाला कुठे?

मी नगरकडची. एके काळी अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या प्रार्थनेत 'दूरदेशचे गरीब' म्हणून आपणच होतो! अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये प्रवासात कॉलऱ्याने गेले. तिकडे त्यांच्यासाठी नक्कीच कोणी गुडघे टेकले असतील. त्याच साथीत गेलेल्या इथल्या माणसांची नावं कोणी घेतली असतील का?

आमची आजी प्रार्थनेत गावातल्या घराघरांची नावं घ्यायची, भाकरी थंड होईपर्यंत. येत्या बुधवारी मी त्या डीकनच्या बायकोसाठी उभी राहणार आहे.