कुरतडलेली चौकट आणि ‘म्होरक्या’चा सिद्धान्त

फ्लॅटमधल्या कुत्र्याला वळण कसे लावावे, हे सांगणारा एक मजकूर गेले काही महिने आमच्या सोसायटीत आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या फोनवर सारखा फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: कुत्रा लांडग्याचा वंशज असल्यामुळे घरातला म्होरक्या आपणच आहोत असे त्याला वाटू लागते आणि म्हणून तो भुंकतो, घरातल्या वस्तू तो सूड म्हणून कुरतडतो आणि आपले चुकले हे त्याला पक्के ठाऊक असते, तेव्हा घरी येताच ती वस्तू त्याच्या नाकासमोर धरून दोन फटके द्यावेत, भुंकणे थांबतच नसेल तर मुसके बांधावे किंवा विजेचा झटका देणारा पट्टा घालावा, आणि एवढ्यानेही भागले नाही तर सोसायटीने ठराव करून कुत्र्याला बाहेर काढावे. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण यातला एकही मुद्दा तपासल्यावर टिकत नाही आणि त्यापायी मुक्या जनावराला मार बसतो, म्हणून हे लिहीत आहे.

म्होरक्याचा सिद्धान्त आधी घेऊ. त्याचे मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या निरीक्षणांत आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते आणि अशा बंदिस्त जागेतली भांडणे म्हणजेच लांडग्यांची समाजरचना, असा समज त्यातून रूढ झाला. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने तो जगभर पोहोचवला, पण पुढे रानातल्या कळपांचा अनेक वर्षे अभ्यास केल्यावर याच मेक यांनी 1999 साली लिहिले की असा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, सत्तेसाठी झुंजणारी टोळी नव्हे. स्वतःचे ते जुने पुस्तक छापणे थांबवावे, म्हणून त्यांनी प्रकाशकाकडे पाठपुरावाही केला. ज्याच्या नावावर हा सिद्धान्त खपतो, त्यानेच तो मागे घेतला आहे. शिवाय तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा वाजला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला कोणावर राज्य करायचे असते, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो डोळ्यांना खरा दिसतो. आपण दार उघडतो, सोफ्याचा कापूस जमिनीवर पसरलेला असतो आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून, शेपूट पोटाखाली घेऊन कोपऱ्यात उभा असतो. याला आपण अपराधीपणा म्हणतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका यावरच आहे. मालकाने खाऊला तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्रा तो खाऊ खाई, तर कधी तो माणसानेच काढून घेतलेला असे. आणि परतलेल्या मालकाला काय घडले ते दर वेळी खरे सांगितले जाईलच असे नव्हते. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, तो मालक रागावला की दिसत असे. उलट, काहीही न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाची भीती आहे. तीन तासांपूर्वी कुरतडलेल्या वस्तूसाठी आत्ता बसलेला फटका कुत्र्याच्या लेखी आपल्या घरी येण्याशीच जोडला जातो.

आमच्या तांबूने, आमच्या देशी कुत्र्याने, सेफ्टी डोअरच्या चौकटीचा खालचा कोपरा दातांनी सोलून काढला होता. त्याच्या नखांना लाकडाच्या कुसळी लागलेल्या असत आणि पायपुसणे लाळेने ओले झालेले असे. तेव्हा मीही त्याला मारले, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून फोनवर चित्रीकरण चालू ठेवून बाहेर पडलो. आम्ही गेल्यावर तो पाच मिनिटे दाराशी उभा राहिला, मग धापा टाकू लागला, मग कण्हत चौकटीला भिडला. समोरच्या टीपॉयवर चपला आणि उशी होती, त्यांना त्याने तोंडही लावले नाही. त्यात सुडाचा मागमूस नव्हता. एकटे राहण्याची धास्ती असलेला कुत्रा बहुधा दारे-खिडक्यांनाच भिडतो आणि तेही आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. कंटाळलेला कुत्रा हाताला लागेल ते घेतो. आणि चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येत असतात, त्याच्या हिरड्या शिवशिवतात. तीन कारणे आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. पिल्लाला गार गाजर किंवा चघळायचे रबरी खेळणे द्यावे, मात्र शिजवलेले हाड कधीही देऊ नये, कारण त्याच्या चिरफळ्या घशात आणि आतड्यात रुततात. कंटाळलेल्याला हुंगत हुंगत चालण्याचा निवांत फेरफटका हवा. धास्तावलेल्याला एकटेपणाची सवय सेकंदांच्या हिशेबाने लावावी लागते: किल्ल्या उचलून परत ठेवायच्या, दाराबाहेर पाच सेकंद थांबून आत यायचे, तो शांत राहिला तरच वेळ वाढवायचा. आम्हाला अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला अडीच महिने लागले. काही कुत्र्यांना सोबत औषधही लागते आणि ते पशुवैद्यकानेच द्यायचे असते.

मुसके आणि झटक्याचा पट्टा यांबद्दल फार लिहावे लागू नये. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. तोंड आवळून बांधले तर एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याला उष्माघात होऊ शकतो. झटक्याच्या पट्ट्यांवर वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे. बेल वाजली की मानेला झटका, असे काही वेळा घडले की कुत्रा बेलला आणि दारात आलेल्या माणसाला घाबरू लागतो आणि घाबरलेला कुत्रा चावतो. त्यापेक्षा बेलचा आवाज फोनवर अगदी हळू लावून, कुत्रा गप्प असतानाच त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा आणि रोज आवाज थोडा वाढवावा. लक्ष वेधण्यासाठी तो भुंकत असेल तर दुर्लक्ष करावे. मात्र पहिले काही दिवस भुंकणे वाढते, आणि तेव्हाच कंटाळून आपण बिस्किट दिले, तर जास्त भुंकले की मिळते, एवढेच तो शिकतो.

राहिला ठरावाचा मुद्दा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हे त्यासाठी सबळ कारण ठरत नाही. उलट, जनावराला मारहाण करून विनाकारण यातना देणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. पण त्याच सूचनांत इतरांना उपद्रव होऊ नये, विशेषतः रात्री, याची काळजी पाळणाऱ्याने घ्यावी असेही म्हटले आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताई रुग्णालयात रात्रपाळी करून सकाळी झोपतात. त्यांना भेटून, तांबूला एकटे ठेवण्याचा सराव आम्ही संध्याकाळी सहानंतर हलवला आणि तो भुंकला तर कोणत्या वेळी, हे मला कळवायची त्यांना विनंती केली. त्यांनी पाठवलेल्या वेळांमुळेच, तो सकाळी पावणेनऊच्या शाळेच्या बसच्या हॉर्नला भुंकतो हे लक्षात आले. आता त्या वेळी आम्ही बाल्कनीचे दार लावून घेतो.