पुण्यात सोळा वर्षं गाडी चालवलेल्या विद्यार्थ्याच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देते. इथे इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात नव्यानं आलेली आपली बरीच मंडळी आमचा ड्रायव्हिंगचा क्लास लावण्याआधी हे वाचतात, त्यांच्याही उपयोगी पडेल. तुमचं नाव घेत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोळा वर्षं पुण्यात गाडी चालवली, एक्स्प्रेसवेवर शेकडो फेऱ्या झाल्या, गाडीला ओरखडा नाही. तरी आम्ही दहा धड्यांचे 400 पौंड घेतले. भर रस्त्यात तुमच्याआधी मी ब्रेक दाबून तुमचा अपमान केला. आणि लायसन्सची टेस्ट आठ दिवसांवर आल्यावर ‘तयारी नाही, टेस्टला गाडी देणार नाही’ असं सांगितलं. फी बुडाली, पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली, तोवर भारतीय लायसन्सचं वर्ष संपलं आणि आता तुम्ही रोज दोन बस बदलून कामावर जाता.

आधी माझी चूक. प्रॅक्टिकल टेस्ट रद्द करायची किंवा पुढे ढकलायची तर पूर्वी कामाचे तीन दिवस आधी कळवलं तरी चालायचं. 8 एप्रिल 2025 पासून ती मुदत कामाच्या दहा दिवसांची झाली. त्यानंतर कळवलं तर फी परत मिळत नाही. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, आणि तुमच्या वेळी मीच आठ दिवस राहिल्यावर तोंड उघडलं. मला सहाव्या धड्यालाच शंका आली होती. अजून चार धडे आहेत, जमेल, असं मनाशी म्हणत राहिले. ते तेव्हाच स्पष्ट बोलायला हवं होतं. तुमच्या टेस्टच्या फीचे 62 पौंड आज सकाळी तुमच्या खात्यात पाठवले आहेत. यापुढे प्रत्येकाची मॉक टेस्ट खऱ्या टेस्टच्या तीन आठवडे आधी घेणार आणि निकाल लेखी देणार.

गाडी न देण्याचा निर्णय मात्र मी आजही तोच घेईन. तो का, ते सांगते.

तिसऱ्या धड्याला आपण फार्नहॅम रोडवरून डावीकडे एका गल्लीत वळत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक आजी उभ्या होत्या, हातात चाकांची पिशवी, एक पाय फुटपाथवरून खाली ठेवलेला. तुम्ही इंडिकेटर दिलात, गिअर उतरवलात, सगळं व्यवस्थित, आणि वेग न मोडता वळायला लागलात. तेव्हा मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. तुम्ही म्हणालात, “त्या थांबल्या होत्या, मी सहज निघून गेलो असतो.” पुण्यात तसंच झालं असतं, आजीही मागे सरल्या असत्या. पण 29 जानेवारी 2022 पासून इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय की आपण ज्या रस्त्यात वळतोय तो ओलांडायला कोणी नुसतं थांबलेलं असलं तरी त्याला आधी जाऊ द्यायचं. त्या आजी आपण थांबणार असं धरूनच पाय खाली ठेवून होत्या. टेस्टमध्ये तो ब्रेक परीक्षकाला दाबावा लागला असता तर टेस्ट तिथेच गेली असती. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. भर रस्त्यात तुम्हाला वाईट वाटलं, ते मी समजू शकते. पण तो अपमान नव्हता हो, त्या पेडलसाठीच मी तिथे बसलेली असते.

आठव्या धड्याचा प्रसंग त्याहून मनात राहिला. समोरून एक गाडी आपल्या रस्त्यावरून तिच्या उजवीकडे वळायला थांबली होती. तुम्ही लांबूनच डिपर मारलात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. इथे बहुतेक लोक त्याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा घेतात. त्या माणसानं हात वर करून आभार मानले आणि थेट आपल्यासमोर वळला. तुम्ही ब्रेक मारलात, छान मारलात, थोडक्यात वाचलो. तुमचा क्लच, स्टिअरिंग, गाडीवरचा ताबा, यातलं काहीच मला शिकवावं लागलं नाही, आणि हे मी तेव्हाही बोलले होते. हाताला लागलेली सवय मोडायला वेळ लागतो. आपल्यासारख्या अनुभवी लोकांचे धडे त्यावरच खर्च होतात. मी स्वतः कोल्हापुरात नऊ वर्षं चालवून इथे आले आणि पहिल्या टेस्टला राउंडअबाउटवर नापास झाले, म्हणून हे ठामपणे सांगते.

आता लायसन्सबद्दल, कारण रिव्ह्यूमध्ये ‘यांनी बारा महिन्यांची भीती घातली’ असं आहे. ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका अशा ठरावीक देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. आपल्याला इथे राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर चालवता येतं, बस्स. इंटरनॅशनल परमिट काढल्यानं ती मुदत वाढत नाही. त्यानंतर प्रोव्हिजनलवर, म्हणजे शिकाऊ लायसन्सवर, एल बोर्ड लावून, शेजारी एकवीस वर्षं पूर्ण झालेला आणि तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवूनच. एकट्यानं चालवलं तर विमाही हातचा जातो. तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा दहावा महिना चालू होता. त्या घाईत तुमच्यावर किती ताण होता ते दिसत होतं. लहान मुलाला नर्सरीत सोडून कामाला पळायचं, हे मला माहीत आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना हात जोडून विनंती: सहा महिन्यांहून जास्त राहायचा व्हिसा असेल तर आल्याआल्या प्रोव्हिजनल मागवा, ऑनलाइन 34 पौंड लागतात. थिअरीचा, म्हणजे लेखी टेस्टचा, अभ्यास त्याच आठवड्यात सुरू करा. पन्नासपैकी त्रेचाळीस प्रश्न बरोबर यावे लागतात. शिवाय हॅझर्ड पर्सेप्शनच्या, म्हणजे व्हिडिओत रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखायच्या, चौदा क्लिप असतात, त्यात पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस गुण लागतात. आपली माणसं जास्त करून तिथेच अडतात.

आणि तुमच्यासाठी: थिअरी पास झाल्यापासून दोन वर्षं चालते, म्हणजे तुमच्या नव्या तारखेला काही धोका नाही. टेस्टच्या तीन आठवडे आधी या, मॉक टेस्टचे पैसे घेणार नाही. दुसऱ्या कुणाकडे शिकायचं ठरवलं असेल तर तुमच्या दहा धड्यांच्या माझ्या नोंदी ईमेलनं पाठवते, म्हणजे त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.